इंटरफेरॉन : शोध आणि कोशिकेतील कार्याचा इतिहास

व्हायरसाचा (विषाणूचा) संसर्ग झालेल्या कोशिकेकडून (पेशीकडून) बाहेर टाकल्या जाणाऱ्या आणि आसपासच्या कोशिकांना व्हायरसरोधी अवस्थेत नेणाऱ्या प्रथिनांच्या गटास इंटरफेरॉन असे म्हणतात. प्रतिपिंडे (विशिष्ट रोगकारकाविरुद्ध शरीरात निर्माण होणारी प्रथिने) तयार होण्यास काही दिवस लागतात. इंटरफेरॉन मात्र संसर्गानंतर काही तासांतच आढळू लागते. ते स्वतः व्हायरसाचा नाश करीत नाही. ते केवळ संदेशवाहक असून प्रत्यक्ष प्रतिकार कोशिकेला आपल्याच जीनांच्या (आनुवंशिक घटकांच्या, जनुकांच्या) आधारे करावा लागतो. ही गोष्ट पूर्णपणे स्पष्ट होण्यास सु. ३५ वर्षे लागली. दरम्यानच्या काळात अविश्वास, अवास्तव आशा आणि निराशा ही तिन्ही या पदार्थाच्या वाट्याला आली.

पार्श्वभूमी व शोध : एका व्हायरसाचा संसर्ग झालेला प्राणी दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या व्हायरसाला काही काळ दाद देत नाही, असे १९३५ च्या सुमारास दिसून आले होते. जी. एम. फिंडली व एफ. ओ. मॅक्कॅलम यांनी १९३७ मध्ये माकडांवरील प्रयोगांत रिफ्ट व्हॅली ज्वराच्या व्हायरसामुळे पीतज्वरापासून संरक्षण मिळते, असे दाखविले. या आविष्काराला ‘व्यतिकरण’ हे नाव मिळाले. प्रतिपिंडे विशिष्ट रोगकारकापुरतीच परिणामकारक असल्यामुळे त्यांच्या साहाय्याने त्याचे स्पष्टीकरण देता येत नव्हते.

लंडनजवळील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स हे ब्रिटिश आणि झां लिंडेनमान हे स्विस शास्त्रज्ञ या प्रश्नावर काम करीत होते. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणाचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाबरोबर द्रवात ठेवले. काही तासांनी ते तुकडे काढून टाकून उरलेल्या द्रवात ताजे तुकडे बुडविले व त्यांना जिवंत व्हायरसाचा संसर्ग केला, तेव्हा व्हायरसाची वाढ झाली नाही. अर्थात पहिल्या तुकड्यांतून द्रवात कोणता तरी नवा पदार्थ उतरला होता. व्यतिकरणाच्या इंग्रजी नावावरून त्यांनी त्याला ‘इंटरफेरॉन’ हे नाव दिले आणि १९५७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जपानमध्ये यासुइची नागानो व यासुहिको कोजिमा यांनी १९५४ मध्येच सशांच्या त्वचेवरील प्रयोगांत अशाच रोधक घटकाचे वर्णन केले होते. परंतु त्यांचे लेखन फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाल्याने त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

अविश्वासाचा काळ : हा पदार्थ इतक्या अल्प प्रमाणात मिळे, की त्याचे शुद्धीकरण करता येत नव्हते. व्हायरसाचेच अवशेष द्रवात राहिले असावेत, अशी शंका अनेकांनी व्यक्त केली. शिवाय एका जातीच्या प्राण्यापासून मिळविलेले इंटरफेरॉन बहुधा त्याच किंवा निकटच्या जातीच्या कोशिकांवर परिणाम करते, असे आढळल्याने माणसासाठी ते मानवी कोशिकांपासूनच मिळविणे प्राप्त होते. आयझॅक्स १९६७ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी मरण पावले, तेव्हाही शुद्ध इंटरफेरॉन कोणी पाहिलेले नव्हते.

तथापि या काळात एक मूलभूत शोध लागला. जॉइस टेलर यांनी १९६४ मध्ये असे दाखविले, की डीएनएवरून आरएनएची प्रत काढण्याचे कोशिकेचे कार्य ॲक्टिनोमायसीन या औषधाने थांबविल्यास इंटरफेरॉनाचा प्रभाव पडत नाही. म्हणजे इंटरफेरॉन बाहेरून लाभलेली ढाल नसून कोशिकेच्या जीनांना मिळालेली आज्ञा आहे, हे सूचित झाले. ही आज्ञा केंद्रकापर्यंत कशी पोहोचते, हे मात्र पुढे जवळजवळ तीन दशके अज्ञात होते.

आशा व निराशा : फिनलंडमधील कारी कांटेल यांनी रक्तदात्यांच्या रक्तातील श्वेत कोशिकांना (पांढऱ्या पेशींना) सेंडाई व्हायरसाचा संसर्ग करून मानवी इंटरफेरॉन मिळविण्याची पद्धत विकसित केली. ते पुरेसे शुद्ध नसले, तरी रुग्णांवर प्रयोग करता येतील इतके मिळू लागले. स्वीडनमध्ये हान्स स्ट्रँडर यांनी ते हाडांच्या कर्करोगावर वापरून पाहिले. या व अन्य प्रयोगांच्या वार्तांमुळे अपेक्षा वाढत गेल्या. अमेरिकन कर्करोग संस्थेने १९७८ मध्ये चाचण्यांसाठी इंटरफेरॉन विकत घेण्यास २० लाख डॉलर मंजूर केले आणि १९८० मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय साप्ताहिकांनी त्याला मुखपृष्ठावर स्थान दिले.

टंचाईचा प्रश्न जीनांच्या जुळणीच्या तंत्राने सोडविला. टोकिओ येथे तादात्सुगु तानिगुची यांनी बीटा इंटरफेरॉनाच्या आणि झुरिक येथे चार्ल्स व्हाइसमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्फा इंटरफेरॉनाच्या जीनाची प्रत १९७९–८० च्या सुमारास वेगळी केली. त्यानंतर हे प्रथिन सूक्ष्मजंतूंकडून तयार करून घेता येऊ लागले. आता शुद्ध इंटरफेरॉन विपुल मिळू लागले; पण त्याबरोबरच त्याच्या मर्यादाही उघड झाल्या. बहुतेक कर्करोगांवर त्याचा उपयोग बेताचाच होता. ताप, अंगदुखी, थकवा हे त्रास पूर्वी मिश्रणातील अशुद्ध घटकांमुळे होत असावेत, असा समज होता. परंतु शुद्ध पदार्थानेही ते झाले. व्हायरसजन्य तापात रुग्णाला जाणवणारे काही त्रास खुद्द शरीराच्या इंटरफेरॉनामुळे होतात, हे त्यावरून ध्यानात आले.

अमेरिकेत १९८६ मध्ये आल्फा इंटरफेरॉनास रक्ताच्या एका विरळा कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पुढे ब आणि क या प्रकारच्या यकृतशोथांवर (यकृताच्या दाहयुक्त सुजेवर) त्याचा मोठा वापर झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस या तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) विकारात १९९३ पासून बीटा इंटरफेरॉन वापरात आले. क प्रकारच्या यकृतशोथात मात्र २०१३ नंतर थेट व्हायरसावर परिणाम करणाऱ्या तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी त्याची जागा घेतली.

संदेशाचा मार्ग : न्यूयॉर्कमध्ये जेम्स डार्नेल आणि लंडनमध्ये जॉर्ज स्टार्क व इयान कर यांच्या गटांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत संदेशाच्या वहनाचा उलगडा केला. लंडनच्या गटाने इंटरफेरॉनाला प्रतिसाद न देणाऱ्या उत्परिवर्तित कोशिका निवडून त्यांत नेमकी कोणती कडी तुटली आहे, याचा शोध घेतला. त्यावरून पुढील चित्र तयार झाले. आल्फा वा बीटा इंटरफेरॉन कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) चिकटते. त्यामुळे ग्राहीच्या आतील टोकाशी असलेली जॅक-१ व टिक-२ ही एंझाइमे कार्यान्वित होतात आणि स्टॅट-१ व स्टॅट-२ या प्रथिनांना फॉस्फेट गट जोडतात. ही दोन प्रथिने एकत्र येऊन आयआरएफ-९ या तिसऱ्या प्रथिनासह केंद्रकात शिरतात व डीएनएवरील ठराविक क्रमाला चिकटतात. तो क्रम ज्या जीनांच्या आरंभी असतो अशी शेकडो जीने त्यामुळे कार्यान्वित होतात. ग्राहीपासून केंद्रकापर्यंतच्या या प्रवासास काही मिनिटेच लागतात. गॅमा इंटरफेरॉनाचा ग्राही वेगळा असून त्याच्या संदेशात स्टॅट-१ चीच जोडी बनते.

या जीनांपासून तयार होणारी काही प्रथिने विशेष उल्लेखनीय आहेत. मिल हिल येथे कर यांच्या गटाने १९७८ मध्ये ओळखलेल्या एका लहान रेणूमुळे आरएनए तोडणारे एंझाइम जागे होते. पीकेआर हे दुसरे एंझाइम कोशिकेतील प्रथिननिर्मितीच थांबविते. या दोन्ही यंत्रणा एरवी सुप्त असतात. व्हायरसाच्या वाढीत दिसणारा दुपेडी आरएनए आढळला, तरच त्या सुरू होतात. त्यामुळे निरोगी कोशिका सज्ज असूनही स्वतःची हानी करून घेत नाही. एमएक्स या तिसऱ्या प्रथिनाचा माग लिंडेनमान यांना १९६२ मध्ये इन्फ्ल्यूएंझाला दाद न देणाऱ्या उंदरांच्या एका वाणात लागला होता. व्हायरसांनीही यावर उपाय योजलेले आहेत. इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस एनएस-१ या प्रथिनाच्या साहाय्याने आपला दुपेडी आरएनए झाकून ठेवतो.

संरक्षण व अपाय : आल्फा–बीटा इंटरफेरॉनांचा ग्राही नसलेले उंदीर अनेक व्हायरसांना सहज बळी पडतात, हे १९९४ मध्ये दिसून आले. माणसातील ठळक पुरावा कोव्हिड-१९ च्या साथीत मिळाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत या रोगाने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी किमान १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. सौम्य वा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांपैकी एकातही ती नव्हती. तथापि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना बीटा इंटरफेरॉन दिल्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही. संसर्गाच्या आरंभी हा संदेश मिळाला, तर कोशिका सज्ज होतात. रोग बळावून दाह पसरल्यावर तोच संदेश फारसा उपयोगी पडत नाही.

संदेश वेळीच थांबणेही तितकेच आवश्यक असते. त्यासाठी कोशिकेत सॉक्स-१ यासारखी रोधक प्रथिने असतात व त्यांची निर्मितीही इंटरफेरॉनामुळेच होते. हा संदेश दीर्घकाळ चालू राहिल्यास शरीराच्याच ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) इजा होते. ल्यूपस या विकारात असे घडत असल्याने आल्फा–बीटा ग्राही रोधणाऱ्या औषधास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ज्या पदार्थाचे काही मिलिग्रॅम मिळविण्यासाठी एकेकाळी हजारो रक्तदात्यांचे रक्त वापरावे लागले, त्याचाच प्रभाव काही रुग्णांत औषधाने रोखावा लागतो. इंटरफेरॉनाचे हित वा अहित त्याचे प्रमाण, वेळ आणि त्याने कार्यान्वित केलेली जीने यांवर अवलंबून असते.