ध्वनिकसोटीचा इतिहास : अंधांसाठी ठेवलेली वाट आणि तिचा दुरुपयोग

(१)

संगणकाच्या पडद्यावर वेडीवाकडी अक्षरे दाखवून ती ओळखावयास लावणारी 'कॅप्चा' नावाची कसोटी आता सर्वपरिचित आहे. तिच्या शेजारी हेडफोनचे वा कर्ण्याचे एक लहानसे चित्र असते व ते दाबल्यास अक्षरांऐवजी ध्वनी ऐकू येतो, ह्याकडे डोळस मनुष्याचे लक्ष सहसा जात नाही. ही सोय दृष्टिहीनांसाठी आहे. अनाहूत जाहिरातींचा व फसव्या संदेशांचा मारा करणाऱ्यांना, म्हणजे स्पॅमरांना, ही वाट कशी खुली झाली आणि तिच्या बंदोबस्ताचा भार कोणावर पडला, ह्याचा कालक्रमाने विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

(२)

ह्या कसोटीचे मूळ ॲलन ट्यूरिंग ह्यांच्या 'माइंड' नियतकालिकातील १९५० च्या निबंधापर्यंत नेले जाते. यंत्र विचार करू शकते काय, ह्या प्रश्नाच्या जागी ट्यूरिंग ह्यांनी एक खेळ सुचविला. पृच्छकाने दृष्टीआड असलेल्या मनुष्यास व यंत्रास प्रश्न विचारावेत आणि उत्तरांवरून मनुष्य कोणता ते ठरवावे, असे त्याचे स्वरूप होते. आवाजावरून ओळख पटू नये म्हणून उत्तरे शक्यतो टंकलिखित असावीत, असेही त्यांनी सुचविले होते. म्हणजे मूळ कसोटी डोळ्यांची नव्हती आणि कानांचीही नव्हती. ती भाषेची होती.

१९९७ मध्ये आल्टाव्हिस्टा ह्या शोधयंत्राच्या सूचीत स्वयंचलित आज्ञावलींद्वारे पत्ते घुसडले जाऊ लागले, तेव्हा आंद्रेइ ब्रोडर व त्यांचे सहकारी ह्यांनी अक्षरवाचक यंत्रांना वाचता येऊ नयेत अशा विकृत अक्षरांचा अडसर घातला. २००० मध्ये याहूच्या गप्पाकक्षांत अशाच आज्ञावलींनी उच्छाद मांडला असता कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम, लुइस फॉन आन, निकोलस हॉपर व जॉन लँगफर्ड ह्यांनी ह्या कल्पनेस शास्त्रीय रूप दिले आणि 'कॅप्चा' हे नाव घडविले. आद्याक्षरांच्या त्या जुळणीत ट्यूरिंग ह्यांचे नाव राहिले, परंतु कसोटीचे स्वरूप मात्र पालटले. भाषेच्या जागी दृष्टी आली, आणि ज्यास दिसत नाही तो ह्या कसोटीपुरता यंत्रांच्या पंक्तीत जाऊन बसला.

(३)

२००५ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या मानके ठरविणाऱ्या संस्थेने हा दोष एका स्वतंत्र टिपणात मांडला. ध्वनीचा पर्यायही त्या सुमारास ठिकठिकाणी दिसू लागला. त्याची रचना साधी होती. काही इंग्रजी अंक वा अक्षरे उच्चारावयाची आणि त्यांच्यामागे गोंगाट मिसळावयाचा. तोही पुष्कळदा माणसांच्या बोलण्याचाच.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या रचनेत एक मूलगामी चूक आहे. मनुष्य गोंगाटात ऐकतो तो केवळ कानांनी नव्हे. संदर्भ, अपेक्षा व वाक्याची घडण ह्यांच्या आधारे तो तुटलेला ध्वनी भरून काढतो. सुट्या अंकांना असा आधार नसतो. 'पाच'नंतर 'नऊ' येईल की 'दोन', हे कोणतेही व्याकरण सांगू शकत नाही. इंग्रजी 'फाइव्ह' व 'नाइन' ह्यांतील व्यंजने गोंगाटात बुडाली की समान स्वर तेवढा उरतो. विमानांच्या बिनतारी संभाषणात 'नाइन'ऐवजी 'नाइनर' म्हणण्याची प्रथा आहे, तिच्यामागे हीच अडचण सांगितली जाते. सारांश, यंत्राच्या तुलनेत मनुष्याचे जे बलस्थान, तेच काढून घेऊन त्याची परीक्षा घेतली गेली. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाही, त्याची अडचण अर्थातच दुहेरी होती.

२००९ मध्ये जेफ्री बिगहॅम व ॲना कॅव्हेंडर ह्यांनी दीडशेहून अधिक व्यक्तींच्या साहाय्याने ह्या ध्वनिकसोट्या तपासल्या. त्या अंधांना व डोळसांनाही दृश्य कसोट्यांहून अवघड जातात असे दिसून आले. अंधांची एक अडचण विशेष होती. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी त्यांची आज्ञावली, ध्वनी चालू असतानाच 'उत्तराची चौकट' वगैरे बोलू लागे व अंक तिच्या आवाजाखाली दडपले जात. उत्तराच्या चौकटीतूनच ध्वनी थांबविण्याची व मागे नेण्याची सोय दिल्यावर, कसोटी तीच ठेवूनही, अंधांचे यश ५९ टक्क्यांनी वाढले.

(४)

मनुष्यास जड जाणारी ही वाट यंत्रास मात्र सुकर होत गेली. २००८ मध्ये कार्नेगी मेलन येथीलच संशोधकांनी प्रचलित ध्वनिकसोट्या यंत्राकडून सोडवून घेतल्या आणि त्यांत ७१ टक्क्यांपर्यंत यश मिळविले. ह्या संशोधकांत फॉन आन हेही होते. २०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी गूगलच्या 'रीकॅप्चा'मधील अंक, बोललेले लिहून देणाऱ्या फुकट सेवांकडे पाठविले व त्यांच्या उत्तरांचा मेळ घातला. ४५० प्रयत्नांत ८५ टक्क्यांहून अधिक यश आले. एका कसोटीस सरासरी साडेपाच सेकंदही लागले नाहीत. गूगलने अंकांच्या जागी वाक्यांश आणले, तेव्हा २०१८ मध्ये त्याच गटाने गूगलचीच वाक्-लेखन सेवा वापरून सुमारे ९० टक्के यश मिळविले. वाक्यांशाला संदर्भ असतो आणि तोवर यंत्रेही संदर्भ वापरावयास शिकली होती.

ह्यावर जो बंदोबस्त झाला तो लक्षणीय आहे. संशयित ठरलेल्या जाळ्यावरून ध्वनी मागितल्यास 'नंतर प्रयत्न करा' अशा अर्थाची सूचना देऊन तो नाकारला जाऊ लागला. डोळस मनुष्य अशा वेळी चित्रांकडे वळतो. अंधास वळावयास दुसरी वाट नसते. फायरफॉक्सला जोडावयाची 'वेबव्हिझम' ही सेवा अंधांना कॅप्चा सोडवून देत असे, परंतु तिच्यात आमंत्रणावाचून नाव नोंदविता येत नसे. अशी सेवा स्पॅमरांच्या हाती पडल्यास काय होईल, हे उघडच होते. पण ज्याच्या ओळखीत आमंत्रण देणारे कोणी नाही, असा अंध मनुष्यही त्यामुळे बाहेरच राही.

ह्याच्या शेजारी दुसरी एक वस्तुस्थिती ठेवून पाहावी. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, हजार कॅप्चा माणसांकडून सोडवून घेण्याचा दर एक डॉलरच्या आसपास, क्वचित अर्ध्या डॉलरपर्यंत उतरला होता. आणि हे श्रम स्वस्त मजुरीच्या देशांतून येत होते. ज्यास लाखो संदेश पाठवावयाचे आहेत त्याच्या दृष्टीने ही कसोटी म्हणजे केवळ एक किरकोळ जकात होती. ज्यास एकच पत्रपेटी उघडावयाची आहे, त्या अंधापुढे मात्र ती भिंत होऊन उभी राहिली.

(५)

ह्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. ध्वनीची वाट दुर्बळ ठरली त्याचे कारण ती अंधांसाठी होती हे नव्हे. यंत्राच्या ज्या वैगुण्यावर ती उभी होती ते तात्पुरते होते, हे आहे. दृश्य कसोटीचा आधारही तसाच होता व तोही यथाकाल ढासळला. तथापि दृश्य वाट मोडली असता नवी दृश्य वाट शोधण्यात आली, ध्वनीची वाट मोडली असता पुष्कळदा तिलाच कुलूप लागले. सोय ही सवलत म्हणून दिली की दुरुपयोगाच्या पहिल्या पुराव्यासरशी ती काढून घेता येते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला आहे. ही भूमिका स्वीकारली म्हणजे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. स्पॅमरांस रोखणे हे सेवा चालविणाऱ्याचे कर्तव्य खरे, परंतु त्या बंदोबस्ताची किंमत अंधाकडून वसूल करण्याचा अधिकार त्यास पोहोचत नाही.