प्रासादलक्षणातील सात वचने : जुन्या हुबळीच्या विद्यार्थ्यासाठी भाष्य

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रासादलक्षण नावाचा एक छोटा अध्याय आहे. प्रासाद म्हणजे येथे राजवाडा नव्हे, देवालय. ग्रंथ सहाव्या शतकातला, कर्ता अवंतीचा. तुझ्या जुन्या हुबळीतले भवानीशंकर मंदिर आणि उणकलचे चंद्रमौळेश्वर मंदिर चालुक्यांच्या परंपरेतली. त्यातले उणकलचे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, म्हणजे या अध्यायानंतर पाचएकशे वर्षांनी उभे राहिलेले. तेव्हा इथल्या शिल्पींनी हा अध्याय समोर ठेवून दगड घडवला, असे समजू नकोस. तरीही तो वाचायचा, कारण देवालयाच्या अंगांची नावे आणि त्यांची परस्पर मापे इतक्या थोडक्यात एकत्र मिळणे दुर्मीळ. शिवाय 'आपली मंदिरे पर्यावरणपूरक होती' हे वाक्य तू वर्गात ऐकतोस. ते खरे किती, हे वचनावचनाने तपासायला हवे. मूळ संस्कृत आहे. येथे केवळ आशय मराठीत देतो.

पहिले वचन : पुष्कळ पाण्याचे जलाशय करून आणि बागा लावून देवालय बांधावे.

'करून' आणि 'लावून' या पूर्वकालवाचक क्रिया आहेत. म्हणजे आधी पाणी, मग झाडे, मग इमारत. दुसरा अर्थ असा संभवतो, की तिन्ही पुण्यकर्मे एका ओळीत मोजली आहेत आणि क्रम गौण आहे. पण अध्याय पुढे सांगतो, की देव पाण्याजवळ आणि उपवनात रमतात. त्यामुळे पहिला अर्थ बलवान ठरतो : जागेची सिद्धता इमारतीच्या आधी. याचा अर्थ, पाणी ही इमारत पूर्ण झाल्यावर जोडायची सोय नव्हे, तो बांधकामाचा पहिला टप्पा आहे. आजच्या हरित इमारतीच्या नकाशात पावसाच्या पाण्याचा खड्डा बहुधा उरलेल्या कोपऱ्यात सरकतो. वचनाप्रमाणे तो कोपरा आधी निवडायचा आणि उरलेल्या जागेत इमारत बसवायची.

दुसरे वचन : रुंदीच्या दुप्पट उंची, उंचीचा तिसरा भाग कटी.

कटी म्हणजे कंबर. तळापासून शिखर सुरू होते तिथपर्यंतचा भाग. उदाहरणासाठी रुंदी १६ हात धर. २४ अंगुळांचा एक हात, सुमारे दीड फूट. उंची ३२ हात, कटी १० हात १६ अंगुळे. जोते कटीत धरायचे की वगळायचे? वचन संपूर्ण उंचीचे तीन भाग करते, चौथ्याचे नाव घेत नाही. म्हणून जोते कटीतच धरावे.

येथे काय गृहीत आहे ते पाहा. दोन तृतीयांश उंची शिखराची, आणि तिचे ओझे खालच्या एका तृतीयांशावर. चुन्याच्या दर्जांशिवाय रचलेल्या दगडी बांधणीत हे ओझेच थरांना जागच्या जागी दाबून धरते. वजन हा तिथे सांध्याचा भाग आहे. पण ते पेलायला खाली जाडी हवी. ती पुढचे वचन देते.

तिसरे वचन : रुंदीच्या निम्मे गर्भगृह; सभोवार भिंती.

१६ हातांतून गर्भ ८ हात. उरलेले ८ दोन्ही बाजूंना वाटले, की प्रत्येकी ४ हात, म्हणजे सुमारे सहा फूट. ही सगळी भरीव भिंत समजायची का? दोन पक्ष आहेत. निरंधार पक्ष म्हणतो, होय, पूर्ण भरीव. सांधार पक्ष म्हणतो, त्या ४ हातांत दोन भिंती आणि मधून प्रदक्षिणेचा बोळ. वचनात बोळाचे नाव नाही, म्हणून साधा अर्थ निरंधाराचा. मात्र 'भिंती' हा शब्द जाडी सांगत नाही, फक्त उरलेली जागा त्यांना देतो. त्यामुळे सांधार अर्थही वचनाविरुद्ध जात नाही.

दोन्ही पक्षांत बाहेरचा ताप आत पोचायला वेळ लागतो. भरीव दगड दिवसभर तापत राहतो आणि गाभाऱ्याला उष्णता जाणवण्याआधी संध्याकाळ होते. बोळ असेल तर मधली सावलीतली हवा तेच काम करते. हे भिंतीचे वास्तव गुण आहेत, पण वराहमिहिराने ते सांगितलेले नाहीत. वचन माप देते, कारण देत नाही. कारण आपण शोधायचे आणि आपल्या नावावर ठेवायचे. ते ग्रंथाच्या तोंडी घालायचे नाही.

चौथे वचन : दाराची रुंदी गर्भाच्या चतुर्थांश, उंची तिच्या दुप्पट.

गर्भ ८ हात, म्हणून दार २ हात रुंद, ४ हात उंच : तीन फूट बाय सहा फूट. आता दाराचे क्षेत्र काढ : ८ चौरस हात. गर्भाची जमीन : ६४ चौरस हात. गुणोत्तर एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के. गर्भ कितीही घेतला तरी हे गुणोत्तर बदलत नाही.

घरांसाठीच्या इको-निवास संहितेत (२०१८) उघडता येणाऱ्या भागाचे चटईक्षेत्राशी किमान गुणोत्तर समशीतोष्ण आणि संमिश्र हवामानाला १२.५ टक्केच दिले आहे. उष्ण-कोरड्याला १०, उष्ण-दमटाला १६.६६, थंडाला ८.३३. आकडा जुळला म्हणून हुरळून जाऊ नकोस. संहितेचा आकडा बाहेरच्या हवेत उघडणाऱ्या भागाचा आहे. गाभाऱ्याचे दार अंतराळात, म्हणजे गाभारा आणि मंडप यांमधल्या दालनात, किंवा थेट मंडपात उघडते. संहिता 'किमान' म्हणते. वराहमिहिर 'इतकेच' म्हणतो. संहितेला राहत्या माणसासाठी वारा हवा. गाभाऱ्याला अंधार चालतो. म्हणून हा योगायोग आहे, पुरावा नाही. पण यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : दोन्हीकडे उघडीचे माप आतल्या जमिनीवरून ठरते, दर्शनी भागाच्या शोभेवरून नाही.

उणकलला हे वचन वेगळ्या रीतीने वाचावे लागते. तिथे चतुर्मुख लिंग आहे आणि चार दिशांना चार दारे. अध्यायाच्या पुढच्या भागात देवालयांचे वीस प्रकार आहेत. त्यांत सर्वतोभद्र चार दारांचा. पण तो पाच मजली आणि अनेक शिखरांचा सांगितला आहे. म्हणजे उणकलचे मंदिर दारांच्या संख्येपुरते सर्वतोभद्राशी जुळते, लक्षणाने नाही. तिथल्या प्रत्येक दाराला चतुर्थांशाचा नियम लागतो का, हे टेपने मोजल्याशिवाय कोणी सांगू नये.

पाचवे वचन : दाराच्या उंचीचा चतुर्थांश शाखेची रुंदी, उंबऱ्याचीही तीच, जाडी रुंदीच्या चतुर्थांश. तीन, पाच, सात, नऊ शाखा प्रशस्त.

शाखा म्हणजे चौकटीचा उभा पट्टा. दार ४ हात उंच, म्हणून शाखा १ हात रुंद. जाडी मात्र कोणत्या रुंदीच्या चतुर्थांश? शाखेच्या म्हटले तर ६ अंगुळे, दाराच्या म्हटले तर १२. वाक्यात शाखेची रुंदी नुकतीच आली आहे आणि जाडीही शाखांचीच सांगितली आहे. जवळचा संबंध सोडून दूरचा धरायला सबळ कारण लागते. ते येथे नाही. म्हणून ६ अंगुळे.

१ हात ही एका शाखेची रुंदी, की तीन-पाच शाखांच्या संपूर्ण पट्ट्याची? पाच शाखा प्रत्येकी १ हात धरल्या, तर दोन्ही बाजू मिळून १० हात होतात आणि ८ हातांच्या गर्भापेक्षा चौकट मोठी ठरते. म्हणून संपूर्ण पट्ट्याची रुंदी घ्यायची आणि त्यातच शाखा कोरायच्या. या प्रदेशातली मंदिरे हाच अर्थ सुचवतात : एका पट्ट्यात वेल, गण, स्तंभिका, पुन्हा वेल अशा समांतर पट्ट्या कोरलेल्या. इथला हिरवट सोपस्टोन, कानडीत बळपद कल्लु, खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर कठीण होत जातो. म्हणून इतके बारीक काम शक्य झाले. वचनात दगडाचा उल्लेख नाही. शाखा कोरण्याची अट दगडाच्या निवडीशी कशी बांधली जाते, हे या मुलखात दिसते.

सहावे वचन : पीठासह मूर्ती दाराच्या उंचीपेक्षा अष्टमांशाने कमी, तिचे दोन भाग मूर्ती, एक भाग पीठ.

४ हातांतून अर्धा हात वजा : साडेतीन हात, ८४ अंगुळे. मूर्ती ५६, पीठ २८. अर्थ सरळ आहे. मूर्तीचे मापही दारावरून निघते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

सातवे वचन : मयाच्या मते मजल्याची उंची १०८ अंगुळे, विश्वकर्म्याच्या मते साडेतीन हात. कपोतपाली धरल्यास विरोध नाही.

साडेतीन हात म्हणजे ८४ अंगुळे. फरक २४ अंगुळांचा, बरोबर एक हात. जाणकार स्थपतींचा हवाला देऊन ग्रंथ म्हणतो, की विश्वकर्म्याने कपोतपालीची उंची वगळून माप दिले. ती मिळवली की दोघे एक होतात. कपोतपाली म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली वळचण. ती पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकते आणि उन्हात भिंतीवर सावली धरते. चालुक्य मंदिरांच्या मंडपांवर तिचेच विस्तृत रूप म्हणजे खोल, बाकदार छज्जा.

याचा अर्थ, या समन्वयात छज्ज्याला मजल्याच्या उंचीत पूर्ण एक हात मिळतो. तो बजेट उरले तर लावायचा तुकडा नाही. तो गाळला, तर मय आणि विश्वकर्मा यांचा मेळच बसत नाही.

निष्कर्ष. सातही वचने जोडून पाहा. रुंदीवरून उंची, उंचीवरून कटी; रुंदीवरून गर्भ, गर्भावरून दार, दारावरून शाखा आणि मूर्ती. कोणतेही अंग एकटे बदलता येत नाही. दार वाढवायचे तर गर्भ वाढतो, गर्भ वाढला की भिंत वाढते. शाश्वत बांधकामासाठी या अध्यायातून घ्यायचे ते हे बंधन. शिखराचा आकार नव्हे. आज खिडकी काचेची आणि रुंद केली जाते, भिंत सहा इंचांची राहते, छज्जा नकाशातून जातो आणि मग तिन्हींची भरपाई वीजबिल करते. तिथे चूक एका अंगाची नसते. अंगांचा संबंध तुटलेला असतो.

आता तुझे काम. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन भवानीशंकर मंदिरात चार मापे घे : बाहेरची रुंदी, गर्भाची रुंदी, दाराची रुंदी व उंची. ती वचनांशी जुळली तर तसे लिही. जुळली नाहीत तर फरक अंगुळांत लिही आणि त्याचे कारण दगडात, जागेत, पाण्यात शोध. वचनाचा मान राखण्याची हीच रीत आहे.