झडपेवरचा चुना कसा मोजला गेला?

पाणी तापवण्याच्या जुन्या बंबात क्षारांचा थर बसलेला आपण पाहिलेला असतो. उतारवयात हृदयातून महारोहिणीत रक्त सोडणाऱ्या झडपेवरही असेच कॅल्शियमचे क्षार साचू शकतात. झडपेच्या पाकळ्या ताठ होतात, वाट अरुंद होते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मोंकेबर्ग यांनी १९०४ साली अशा झडपांचे वर्णन केले होते. पण जिवंत माणसाच्या झडपेवरील चुना मोजायचा कसा?

साध्या क्ष-किरण चित्रात सर्व अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद दाखवले. सीटीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा मिळतो : आजच्या मापनात पाण्याला ०, हवेला उणे १०००. धडधडत्या हृदयाचे चित्र घेण्याइतकी वेगवान यंत्रे आल्यावर १९९० मध्ये अमेरिकेतील ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या रोहिण्यांसाठी एक सोपी रीत सुचवली. १३० किंवा त्याहून अधिक घनतेचा डाग म्हणजे कॅल्शियम. डागाचे चौरस मिलिमीटरमधील क्षेत्रफळ घ्यायचे, त्याला घनतेनुसार १ ते ४ ने गुणायचे आणि सर्व छेदांतील गुणाकारांची बेरीज करायची. १० चौरस मिलिमीटरच्या डागाची कमाल घनता २५० असेल, तर गुणक २ आणि गुण २०.

हीच रीत पुढे झडपेसाठी वापरली गेली. तिची गरजही होती. वृद्ध रुग्णाच्या हृदयातून रक्त कमी बाहेर पडत असेल, तर झडप अरुंद असूनही टूडी एकोमध्ये तिच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक थोडाच दिसतो. अशा वेळी झडप बदलावी की थांबावे, हे ठरवायला कॅल्शियमचा आकडा मदत करतो.

मात्र मोजणी वाढली तशी एक गोष्ट लक्षात आली. तेवढ्याच अरुंद झडपेवर स्त्रियांमध्ये कॅल्शियम कमी असते. तंतुमय ऊतींचा वाटा अधिक असतो. म्हणून २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी आजार तीव्र असण्याची शक्यता दाखवणारी मर्यादा पुरुषांसाठी २०००, तर स्त्रियांसाठी १२०० ठेवली. १५०० गुण असलेल्या आजींना पुरुषांची मर्यादा लावली, तर त्यांचा आजार सौम्य समजला जाईल!

बंबाची उपमाही इथे अपुरी पडते. झडपेतील काही पेशी हाडांच्या पेशींसारखे वागू लागतात. म्हणजे हा नुसता साचलेला थर नव्हे. हिमोग्लोबिनच्या मर्यादाही स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या असतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तेव्हा कोणतीही मर्यादा शिकवताना ती कोणाची मोजमापे घेऊन ठरली, हा प्रश्न आपण वर्गात जरूर विचारू या.