संकटकाळातील गृहवास : भोपाळच्या इतिहासातील एक धडा

महाजन कुटुंबांच्या इतिहासात घर सोडून जाण्याच्या कथा पुष्कळ आहेत. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, ती आपल्या पूर्वजांनी घरदार मागे टाकून नदी ओलांडली म्हणूनच. संकट आले असता स्थलांतर करणे हा एक मार्ग होय. परंतु दार लावून घरातच थांबणे हाही संकटनिवारणाचा मार्ग आहे, आणि त्याला पूर्वतयारी अधिक लागते. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते. आगोटीपूर्वी तांदूळ, मीठ, सोले, खारातल्या कैऱ्या आणि सुके सरपण यांची तजवीज झाल्यावाचून त्यांना स्वस्थता नसे. ह्यालाच आपण बेगमी म्हणतो.

आज आपली कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. तेव्हा गोमंतकाबाहेरच्या एका शहराचा इतिहास ह्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल. ते शहर म्हणजे भोपाळ.

मराठी वाचकास भोपाळ प्रथम आठवते ते थोरल्या बाजीरावांच्या मोहिमेमुळे. इ. स. १७३७ च्या डिसेंबरात निजामाने मोठ्या फौजेनिशी व तोफखान्यानिशी भोपाळचा आश्रय घेतला. एका बाजूस तलाव, दुसऱ्या बाजूस तटबंदी, अशी ती जागा वरकरणी सुरक्षित होती. बाजीरावांनी तटावर डोके न आपटता बाहेरून येणारी रसद तोडली. आत धान्य व वैरण महाग होत गेली, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे निजामास माळव्याचा तह मान्य करावा लागला. तट शाबूत होता. आतली बेगमी संपली होती.

ह्याच शहरावर २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जे संकट कोसळले, त्यात उणीव निराळी होती. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद करण्यात आली होती, आणि निसटता वायू जाळणारा मनोराही नादुरुस्त होता. हवेपेक्षा जड असा तो वायू जमिनीलगत सरकत जुन्या शहराकडे गेला. नागरिकांसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजून बंद पडला. तो पुन्हा सलग वाजू लागला तेव्हा दोन वाजत आले होते. डोळ्यांत तिखट गेल्याप्रमाणे आग होऊन जागे झालेले लोक वाट फुटेल तिकडे धावले. धावणाऱ्याचा श्वास जोराने चालतो, म्हणून वायूही अधिक आत जातो. शिवाय कित्येक जण वारा जात होता त्याच दिशेने धावले.

हा वायू पाण्याशी संयोग पावतो. नाकातोंडावर ओले फडके धरावे, दारे-खिडक्यांच्या फटी ओल्या कापडाने बुजवाव्यात आणि वारा निवळेपर्यंत आत थांबावे, एवढी साधी सूचना जरी आधी मिळाली असती, तरी अनेक प्राण वाचते. कारखान्यालगतच्या झोपड्यांच्या भिंती वायू अडवू शकल्या नसत्या, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पक्क्या घरांतील माणसेही त्या रात्री रस्त्यावर आली, ती केवळ काय करावे हे कोणी सांगितले नव्हते म्हणून. शासनानेच मान्य केलेला मृत्यूंचा आकडा ३,७८७ असून बाधितांची संख्या ५ लाखांवर आहे.

उरलेला वायू १६ डिसेंबरपासून प्रक्रिया करून संपविण्यात आला. कारखान्याभोवती तागाचे ओले पडदे लावले गेले, हेलिकॉप्टरांतून पाणी फवारले गेले, आणि धोका नाही असे शासनाने सांगितले. तरीही लाखो लोक शहर सोडून गेले. पहिल्या वेळी सूचना नव्हती, दुसऱ्या वेळी सूचनेवर विश्वास उरला नव्हता. विश्वासाची बेगमीही आधीच करावी लागते, ती संकटाच्या दिवशी बाजारात मिळत नाही.

भोपाळहून दक्षिणेकडे निघणाऱ्याची वाट मिसरोदवरून जाते. होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम्, रस्त्यावरचे हे गाव त्या काळी शहराबाहेर होते; आज ते महापालिकेच्या हद्दीत येऊन नव्या वसाहतींनी भरले आहे, आणि त्याच्या पुढे मंडीदीपची मोठी औद्योगिक वसाहत आहे. म्हणून मिसरोदच्या गृहस्थास हा इतिहास परका नाही. १९८७ च्या दुरुस्तीने कारखान्यांनी शेजारच्या वस्तीस धोक्याची माहिती द्यावी असे ठरले, आणि १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमण्याची तरतूद केली. ही माहिती मागून घेणे हे मात्र आपलेच काम आहे.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे सारा देशच घरात बसला. ज्यांच्या कोठीत धान्य होते त्यांना ते दिवस कंटाळ्याचे गेले. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर होते ते शेकडो मैल पायी निघाले. घरात थांबा हा उपदेश रिकाम्या डब्याला लागू पडत नाही.

तेव्हा प्रत्येक घरात पिण्याचे पाणी, काही दिवसांचा शिधा, नित्याची औषधे, विजेरी व सेल, सेलवर चालणारा रेडिओ आणि फटी बुजविण्यास जुनी धोतरे-पातळे एका जागी असावीत. आग वा पूर आला तर, तसेच भूकंपाचे हादरे थांबल्यावर बाहेर पडावे; विषारी वायू आला तर आत थांबावे; हा भेद मुलांनाही सांगून ठेवावा. आणि आपल्या बेगमीत शेजारच्या एका मजुराच्या घराचा वाटा धरावा. आपल्या पूर्वजांनी देव वाचविले ते एकेकट्याने नव्हे, गाव मिळून. घरात थांबण्याचे बळही तसेच मिळून जमवायचे असते.