डेटाबेस करप्ट झाला? आधी ते अ‍ॅप परत परत उघडणं थांबवा

अ‍ॅपने ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ असा मेसेज दिला किंवा कालच्या नोंदी आज गायब दिसल्या, की आपण सगळे एकच गोष्ट करतो: अ‍ॅप बंद करून परत उघडतो. घोळ इथेच होतो. डेटाबेस करप्ट सापडला तर ती फाइल डिलीट करायची, ही अँड्रॉइडची डीफॉल्ट पद्धत आहे. डेव्हलपरने मुद्दाम वेगळा कोड लिहिला नसेल तर हेच घडतं. त्यानंतर दिसणारी रिकामी यादी ही तुमची बिघडलेली फाइल नसते, ती अ‍ॅपने बनवलेली नवी कोरी फाइल असते.

फोनमधली बहुतेक अ‍ॅप्स आपला डेटा एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. डी. रिचर्ड हिप यांनी तो 2000 साली आणला. कॉन्टॅक्ट्स, मेसेज, नोट्स, उधारीचं खातं, सगळ्याच्या मागे बहुधा तोच. आणि तो बऱ्यापैकी चिवट आहे. मध्येच बॅटरी गेली तरी सहसा फाइल खराब होत नाही. खराब होते ती आपण केलेल्या अर्धवट कॉपीमुळे.

खडवलीत आमच्या शेजारच्या काकू डबे देतात. महिन्याचा हिशोब एका जुन्या अ‍ॅपमध्ये, त्याची फाइल मेमरी कार्डवर. जुलैत स्टेशनवरून येताना फोन भिजला तो कायमचा बंद. पुतण्याने कार्ड काढलं, ‘खाते डॉट डीबी’ ही फाइल नव्या फोनमध्ये घेतली आणि अ‍ॅपमधून रिस्टोअर केली. आधी एरर, मग रिकामी यादी. काकू मला म्हणाल्या, ‘‘अरे, कोणाचे किती यायचेत ते मला आता कसं कळणार?’’ पैसे मागायचे तर आकडा हवा ना.

कार्डवर मात्र त्याच नावाची आणखी एक फाइल होती, शेवटी ‘डॅश वॉल’ जोडलेली. पुतण्याला ती कचरा वाटली होती.

हे वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग. 2010 पासून एसक्यूलाइटमध्ये ही सोय आहे. नवी नोंद थेट मुख्य फाइलमध्ये जात नाही, आधी वॉलमध्ये जाते. वॉल पुरेशी मोठी झाली (मूळ सेटिंग 1000 पानांचं, म्हणजे साधारण 4 एमबी) की नोंदी मुख्य फाइलमध्ये उतरवल्या जातात. दुकानदार कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवतो तसंच. उतरवताना मध्येच फोन बंद पडला तर पक्की वही अर्धवट राहते, एकटी उघडली तर मालफॉर्म्ड दिसते. पण कच्ची वही शेजारी असेल तर एसक्यूलाइट उरलेलं तिच्यातून वाचून घेतो. काकूंच्या बाबतीत हेच झालं. दोन्ही फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवून उघडल्या आणि सगळा महिना परत दिसला.

नाव बदलू नका, ही एक बारीक गोष्ट. मुख्य फाइलचं ‘खाते (1)’ झालं तर वॉल सापडतच नाही. काही अ‍ॅप्समध्ये वॉलऐवजी ‘डॅश जर्नल’ असते. तिच्यात बदलण्याआधीची पानं असतात, तीही सोबत हवी. ‘डॅश एसएचएम’ राहिली तर चालतं, ती परत बनते.

आता तुमच्या फोनवर. अ‍ॅप फोर्स स्टॉप करा, सगळ्या फाइल्स एकदम कॉपी करा आणि त्या कॉपीचीही एक कॉपी काढा. काम दुसरीवर करायचं. मग एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या, त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल एसक्यूलाइट’ ही कमांड द्या. (इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप इंग्रजी अक्षरांत करा.) फाइल उघडून ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी अंडरस्कोर चेक’ चालवा. ‘ओके’ आलं तर सुटलात. तक्रार फक्त इंडेक्सची असेल तर ‘रीइंडेक्स’ पुरतं. बाकी वेळी ‘डॉट रिकव्हर’, जी 2019 मध्ये आली. ती पानापानावरून मिळतील तेवढ्या ओळी वेचते. तिचं आउटपुट नव्या डेटाबेस फाइलमध्ये सोडायचं. कुठल्या टेबलातल्या ते न कळलेल्या ओळी ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या टेबलात पडतात, त्या नजरेने जुळवाव्या लागतात. फाइल 0 बाइटची असेल तर मात्र तिच्यात वेचण्यासारखं काहीच नाही.

अडचण अशी की बहुतेक अ‍ॅप्सचा डेटाबेस त्यांच्या खासगी फोल्डरमध्ये असतो आणि रूट केल्याशिवाय तिथे हात घालता येत नाही. ‘एका क्लिकमध्ये रिकव्हरी’ म्हणणारी अ‍ॅप्सही याच भिंतीशी अडतात, फक्त परमिशन मागून घेतात. तुमच्या हातात येते ती अ‍ॅपने स्वतः काढलेली बॅकअप फाइल किंवा काकूंसारखी कार्डवरची.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं आहे. त्याचा लोकल बॅकअप एन्क्रिप्टेड असतो, वरची कुठलीच कमांड त्यावर चालत नाही. अनइन्स्टॉल करण्याआधी ‘अँड्रॉइड’मधल्या ‘मीडिया’ फोल्डरमधून त्याचं ‘डेटाबेसेस’ फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. त्यात साधारण गेल्या सात दिवसांचे बॅकअप असतात. मग त्याच नंबरने रिस्टोअर. ताजी फाइल बिघडली असेल तर आदल्या तारखेची फाइल घ्या आणि नावातली तारीख काढून टाका.

काहीजण ‘डॉट रिकव्हर’ऐवजी जुनी ‘डॉट डम्प’ वापरतात. त्यात दोन खड्डे आहेत. चूक सापडली तर आउटपुटची शेवटची ओळ ‘रोलबॅक’ येते, ती ‘कमिट’ केली नाही तर नवी फाइल रिकामीच. दुसरं, ‘युजर व्हर्जन’ हा आकडा डम्पमध्ये येत नाही, नव्या फाइलमध्ये तो 0 असतो. 0 दिसला की अँड्रॉइड अ‍ॅप समजतं की डेटाबेस आत्ताच जन्मलाय, आणि टेबलं पुन्हा बनवायला जाऊन क्रॅश होतं. जुन्या फाइलमधून ‘प्रॅग्मा युजर अंडरस्कोर व्हर्जन’ने तो आकडा वाचा आणि नव्या फाइलमध्ये तोच टाका. त्यानंतरच अ‍ॅप उघडा.