नवं रेल्वे संग्रहालय उभं राहतं कसं? आधी रूळ, छप्पर आणि जाणती माणसं

जुनं इंजिन जपायचं म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा चौथराच सुचतो. स्टेशनबाहेर सिमेंटचा चौथरा, त्यावर रुळाचे दोन तुकडे, वर इंजिन, काळा-लाल रंग आणि भोवती साखळी. एका दिवसात फीत कापून होते. पण इंजिन म्हणजे पुतळा नव्हे. ते लोखंडाचं आहे, आतून पोकळ आहे आणि त्यात पाणी साचायला शंभर जागा आहेत. रंग वरून दिला जातो, गंज आतून खातो.

म्हणून संग्रहालय आणि चौथरा यात फरक करावा लागतो. संग्रहालयाची जागा कशी निवडतात, तिथं आधी काय लागतं आणि दुसऱ्यांनी हे काम कसं केलं, याची ही माहिती. बार्शी लाईटच्या पट्ट्यातल्या, म्हणजे कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, सांगोला इकडच्या वाचकांनी ती मुद्दाम वाचावी. कारण सांगण्यासारखा इतिहास आपल्याकडे आहे.

दिल्लीचं उदाहरण : मोकळ्या जागेवर उभारणी

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. ७ ऑक्टोबर १९७१ ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. १ फेब्रुवारी १९७७ ला रेल्वेमंत्री कमलापती त्रिपाठी यांनी उद्घाटन केलं. मधे पाच वर्षांहून जास्त काळ गेला. एवढा वेळ का लागला, तर नुसती इमारत बांधायची नव्हती. देशभर विखुरलेली इंजिनं आणि डबे शोधायचे, दुरुस्त करायचे, दिल्लीला आणायचे आणि प्रत्येकाला बसेल असा रूळ टाकायचा होता.

या कामात मायकेल सॅटो नावाच्या ब्रिटिश माणसानं सल्लागार म्हणून मोठा भार उचलला. तो भारतात एका कंपनीत नोकरीला होता आणि जुन्या इंजिनांचा नादी होता. पंजाबात पतियाळा संस्थानात १९०७ मध्ये एका रुळावर चालणारी गाडी सुरू झाली होती. एक चाकाची रांग रुळावर आणि तोल सांभाळायला एक मोठं चाक बाजूच्या रस्त्यावर, अशी तिची रचना. १९२७ च्या सुमारास ती बंद पडली आणि लोक विसरून गेले. सॅटोला ती पतियाळ्याच्या सरकारी आवारात भंगारासारखी पडलेली सापडली. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात एक इंजिन दुरुस्त झालं आणि आज ते दिल्लीत आहे. भंगारवाल्याची गाडी आधी पोचली असती तर जगात दुर्मिळ असलेली ही वस्तू वितळून गेली असती.

तिथं १८६२ चं फ्रान्समध्ये बनलेलं ‘रामगोटी’ आहे, आपल्या माथेरानचं वाफेचं इंजिन आहे, मुंबई-पुणे मार्गावर धावलेल्या जुन्या विजेच्या इंजिनांपैकी ‘सर रॉजर लम्ले’ आहे. बंगाल नागपूर रेल्वेचं गॅरेट जातीचं इंजिन तर २३० टनांच्या आसपास वजनाचं. आता हिशेब करा. असं धूड ज्या जमिनीवर ठेवायचं, ती जमीन कशी असली पाहिजे?

जागा निवडताना काय बघायचं?

पहिली गोष्ट जमीन. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. काळ्या रानात नुसता कोबा करून रूळ टाकला तर दोन-तीन वर्षांत तो वरखाली होतो आणि इंजिन कलतं. काळी माती काढायची, खाली कठीण लागेपर्यंत जायचं, मुरूम भरून दाबायचा, त्यावर खडी आणि मग स्लीपर. दोन्ही बाजूंनी पाणी निघून जायला चारी हवी.

दुसरी गोष्ट रूळ. आपल्या देशात मुख्य चार मापांचे रूळ झाले. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि नॅरोगेजमध्ये ७६२ व ६१०. प्रत्येकाला वेगळा रूळ लागतो. जागा चालू रेल्वेला जोडलेली असली तर ब्रॉडगेजचा डबा थेट आत येतो. नॅरोगेजचं तसं होत नाही. आता कुर्डुवाडीच्या चारी बाजूंना ब्रॉडगेज आहे. म्हणजे बार्शी लाईटचं इंजिन कुठूनही आणायचं झालं तर सपाट वाघिणीवर नाहीतर बुटक्या ट्रेलरवर घालूनच येणार. त्यासाठी रस्त्याची रुंदी, वळणं आणि वाटेतल्या मोऱ्यांची ताकद आधी तपासावी लागते.

तिसरी गोष्ट छप्पर. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवर पत्र्याचं आवरण असतं. पावसाचं पाणी त्या पत्र्याखाली शिरतं आणि वाळत नाही. पुढच्या धुराच्या पेटीत कोळशाची राख राहिलेली असते. ती ओली झाली की तिच्यातल्या गंधकामुळे आम्ल तयार होतं आणि पत्रा खालून खाल्ला जातो. इंजिन उघड्यावर ठेवायची वेळ आलीच तर निदान राख पूर्ण काढावी, बॉयलर कोरडा करावा, धुराड्यावर झाकण बसवावं आणि पाणी बाहेर पडायला खाली वाट ठेवावी. लाकडी डब्यांना तर छपराशिवाय पर्यायच नाही. पाणी आणि वाळवी दोन्ही त्यांचे वैरी.

आणखी एक सावधगिरी. जुन्या इंजिनांच्या बॉयलरभोवती उष्णता धरून ठेवायला बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस भरलेलं असायचं. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. हौसेपोटी गावातल्या पोरांना घासायला लावू नये. हे काम माहीतगारांचंच.

जुनी शेड की नवी इमारत?

इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय २७ सप्टेंबर १९७५ ला सुरू झालं. त्याआधी एक संग्रहालय लंडनच्या क्लॅपम भागात आणि एक छोटं यॉर्कमध्येच होतं. दोन्हींच्या जागी नवं करायचं ठरलं तेव्हा त्यांनी इंजिनांची जुनी शेडच घेतली. शेडमध्ये इंजिन फिरवायची चक्री होती, रूळ होते, उंच छप्पर होतं. इंजिनं जिथं राहायची तिथंच राहिली म्हणा ना. मात्र जुन्या शेडीलाही खर्च सुटत नाही. छप्पर कमकुवत झालं म्हणून १९९० च्या सुमारास मुख्य दालन बंद ठेवावं लागलं आणि नव्या छपरासह ते १९९२ मध्ये पुन्हा उघडलं.

जपानचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं वाटेल. टोकियो शहराच्या मध्यात त्यांचं वाहतूक संग्रहालय होतं. जागा अपुरी पडली. मे २००६ मध्ये ते बंद केलं आणि राजधानी सोडून शेजारच्या सायतामा शहरातल्या ओमिया इथं नवं बांधलं. १४ ऑक्टोबर २००७ ला, जपानच्या रेल्वे दिनी, ते उघडलं. ओमियाच का? तर ओमिया हे रेल्वेचं गाव. मोठं जंक्शन, जुना रेल्वे कारखाना, आणि पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेवर जगलेली माणसं.

आपल्या राज्यात नागपूरला मोतीबाग इथं नॅरोगेज संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. मोतीबाग ही नॅरोगेजचीच जागा. विदर्भात नॅरोगेज रूळ तेव्हा चालू होते. नंतर नागपूर-छिंदवाडा आणि नागपूर-नागभीड हे मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाले. गाड्या बंद व्हायच्या आधी संग्रहालय झालं, हा त्यातला शहाणपणा. गाडी बंद झाल्यावर वस्तू गोळा करायला निघालं की निम्म्या लिलावात गेलेल्या असतात.

बार्शी लाईटचं काय?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. बार्शीच्या बाजारपेठेला मुख्य लाईन जोडायची तर हलकी, स्वस्त गाडी पुरेल असं त्याचं म्हणणं. १८९५ मध्ये कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ७६२ मिलिमीटरची गाडी सुरू झाली. कॅलथ्रॉपची खुबी अशी, की इंजिन असो की वाघीण, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे हलक्या रुळावरूनही भरपूर माल ओढता आला. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज जोडलं गेलं. वारीला जाणाऱ्या किती पिढ्या या गाडीनं नेल्या त्याची मोजदाद नाही. १ जानेवारी १९५४ ला ती सरकारजमा झाली. २००८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झालं आणि त्यानंतर थोड्याच काळात पंढरपूर-मिरजही.

हा इतिहास फक्त आपल्या तालुक्यापुरता नाही. कॅलथ्रॉपनं इथला अनुभव घेऊन इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच छोटी रेल्वे केली. ती १९०४ ते १९३४ चालली. बार्शी लाईटची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बनवली. दिल्लीच्या संग्रहालयामुळे प्रसिद्ध झालेलं १८५५ चं ‘फेअरी क्वीन’ इंजिनही याच कंपनीच्या जुन्या नावाखाली लीड्सलाच बनलेलं. ते १९०९ मध्ये कामातून निघालं होतं. पेरांबूरच्या कारखान्यात दुरुस्त होऊन १९९७ मध्ये पुन्हा वाफेवर धावलं. नीट जपलेलं इंजिन किती टिकतं याचा हा पुरावा.

कुर्डुवाडीत बार्शी लाईटच्या काळापासूनचा रेल्वे कारखाना आहे. ओमियाचं गणित इथं लागू पडतं. इंजिन कुठूनही ट्रेलरवर आणता येतं. पण त्याचा पिस्टन कसा उघडायचा, बेअरिंगला कुठलं वंगण, व्हॅक्यूम ब्रेक कुठं गळतो, हे हाताला माहीत असणारी माणसं आणता येत नाहीत. वाफेचं इंजिन हाताळलेले फायरमन, फिटर, खलाशी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात असणार. लोखंड अजून काही वर्षं दम धरेल, माणूस धरेलच असं नाही.

मागणी करायची तर काय मागावं?

असा विषय ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा प्रवासी संघटनेत निघाला, तर नुसतं ‘संग्रहालय द्या’ असं निवेदन देऊन भागत नाही. मालमत्ता रेल्वेची असते. रेल्वे बोर्डात वारसा जपण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. निवेदनात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात.

१) कुठलं इंजिन, डबा, वाघीण, सिग्नल किंवा वजनकाटा राखून ठेवायचा त्याची क्रमांकासह यादी. लिलावाची निविदा निघायच्या आधी ती पोचली पाहिजे.

२) आधी छप्पर, मग प्रदर्शन, असा क्रम. उद्घाटनाची तारीख त्यावरून ठरावी.

३) पुढच्या दहा वर्षांची देखभाल कोण करणार आणि पैसा कुठून येणार. बांधायला निधी मिळतो, वंगणाला मिळत नाही.

४) कागद. जुनी तिकिटं, वेळापत्रकं, नकाशे, कामगारांचे फोटो. हे बऱ्याच घरांत ट्रंकेत पडून असतं. त्याला ना क्रेन लागते ना जमीन.

५) जुन्या कामगारांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवणं. नाव, हुद्दा, किती साली लागले, काय काम केलं, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना सरकार लागतं, वेळ लागतो. शेवटच्या दोन आपल्याच हातात आहेत. कॉलेजची चार पोरं आणि एक मोबाईल पुरे. उद्या कधी जागा मिळाली तर तिथं ठेवायला हे हाताशी असेल. नाहीतर छप्पर चांगलं बांधलेलं असेल, इंजिनही उभं असेल आणि ते चालायचं कसं हे सांगणारा कोणी नसेल.