अंगावरच्या लवेची कुळकथा

पंढरपूर तालुक्यातलं करकंब एरवी द्राक्षबागांचं, उसाचं गाव. आषाढी जवळ आली की पैठणची एकनाथांची पालखी आणि त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची पालखी याच गावावरून पंढरपूरला जातात. त्र्यंबकेश्वरचे वारकरी इथे पोचतात तेव्हा त्यांचं चालणं सुरू होऊन तीन आठवडे उलटलेले असतात. त्यांत साठी-सत्तरीच्या बायका असतात, डोक्यावर तुळस असते, पायांत साध्या चपला. पाऊस लांबला तर उन्हाची काहिली, पडून गेला तर अंगाला चिकटणारा दमटपणा. एवढं अंतर रोजच्या रोज, तेही दिवसाउजेडी, कापू शकणारे सस्तन प्राणी थोडेच. वारकऱ्याला बळ विठ्ठल देतो, यावर वाद नाही. पण ते बळ उन्हात टिकतं ते उघड्या, ओल्या कातडीमुळे.

चालणाऱ्या शरीरात स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकली नाही तर मेंदू आधी हात टेकतो. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी, म्हणून ती डबकं शोधते. मेंढरं तर भर दुपारी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोलात उभी राहतात आणि मेंढक्याने कितीही हाकललं तरी हलत नाहीत. घोड्याला घाम येतो, पण त्याच्या घामाच्या ग्रंथी वेगळ्या जातीच्या, केसांच्या मुळाशी उघडणाऱ्या. माणसाच्या अंगभर मात्र वीस ते चाळीस लाख स्वतंत्र घर्मग्रंथी आहेत आणि त्यांतून निव्वळ खारट पाणी झिरपतं. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. अट एकच, तो कातडीवर वाळला पाहिजे. दाट केसांत अडकून ठिबकला तर फुकट गेला.

म्हणून केस गेले, अशी ही कुळकथा सहसा सांगितली जाते. त्यात एक मोठी चूक आहे. केस गेलेलेच नाहीत.

माणसाच्या अंगावर केसांची सुमारे पन्नास लाख मुळं असतात. त्यांतली डोक्यावर फक्त लाखभर. चिंपांझी आणि माणूस यांची कातडी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली तर केसांच्या मुळांची दाटी जवळपास सारखीच दिसते. फरक आहे तो केसाच्या जाडीत, लांबीत आणि रंगात. चिंपांझीचा केस राठ आणि काळा, आपला इतका बारीक आणि फिकट की उन्हात तिरका हात धरल्याशिवाय दिसत नाही. ही लव. घर्मग्रंथींचा हिशेब उलटा आहे: त्या माणसाच्या कातडीत चिंपांझीच्या दहापट दाट आहेत. २०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या वाढीमागचं एक कारण दाखवून दिलं. 'ईएन-१' नावाच्या जनुकाला चालू करणारा डीएनएचा तुकडा माणसात थोडाथोडा करत अनेकदा बदलत गेला आणि प्रत्येक बदलाने ग्रंथी वाढत गेल्या. त्यानंतरच्या वर्षी बासष्ट सस्तन प्राण्यांची तुलना प्रसिद्ध झाली. हत्ती, गेंडा, देवमासा, माणूस यांचं एकमेकांशी जवळचं नातं नसताना प्रत्येकाचे केस साधारण त्याच जनुकांच्या वाटेने कमी झाले होते. अंगभर केस उगवण्याची जनुकं आपल्याकडे अजून शाबूत आहेत. त्यांचा आवाज फक्त बारीक केलेला आहे.

हे सगळं आईच्या पोटात दर वेळी नव्याने घडतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ अंगभर मऊ केसांनी झाकलेला असतो. जन्माआधी बहुतेक लव गळते, गर्भाशयातल्या पाण्यात मिसळते, बाळ ते पाणी गिळतं आणि जन्मानंतरच्या पहिल्या काळ्या शीमधून ती बाहेर पडते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाच्या पाठीवर, खांद्यांवर ती तशीच असते. मग घरातली आजी कणकेचा गोळा नाहीतर डाळीचं पीठ तेलात कालवून रोज अंगावर फिरवते आणि दोन महिन्यांनी लव गेली की गोळ्याला श्रेय देते. लव आपोआपच जाणार असते. बाळाच्या नाजूक कातडीला मात्र ते घासणं सोसावं लागतं, तेव्हा गोळा जरा हलक्या हाताने फिरवलेला बरा. जावळ काढल्याने पुढचे केस दाट येतात, दाढी केल्याने राठ होतात, हीही तशीच समजूत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच चार पुरुषांना एकाच पद्धतीने दाढी करायला लावून, खाली पडलेले केस मोजून तपासलं. जाडी बदलली नव्हती, वाढीचा वेगही नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला टोचतो, एवढंच.

हा बदल झाला कधी? केसांचे जीवाश्म मिळत नाहीत. मग शास्त्रज्ञांनी आडवाटा धरल्या आणि त्या या कथेतल्या सगळ्यात मजेदार आहेत. केसांखालची चिंपांझीची कातडी बऱ्याच ठिकाणी गोरी असते. केसांचं छप्पर उडालं की ती उन्हात जळणार, म्हणजे काळा रंग आवश्यक झाला. मानवशास्त्रज्ञ अॅलन रॉजर्स यांनी २००४ साली कातडीच्या रंगाशी निगडित जनुकाचा इतिहास मागे नेत नेत सांगितलं की काळा रंग निदान बारा लाख वर्षं जुना असावा. म्हणजे अंग उघडं पडलं ते त्याच्याही आधी.

दुसरी आडवाट उवांची. माणसाच्या अंगावर उवांचे तीन संसार आहेत: डोक्यातल्या, कपड्यांच्या शिवणीतल्या आणि जांघेतल्या. डोक्यातल्या उवांचे भाऊबंद चिंपांझीवर राहतात. जांघेतल्या उवांचे मात्र गोरिलावर, आणि त्या दोघींची ताटातूट सुमारे तेहतीस लाख वर्षांपूर्वी झाली, असं डेव्हिड रीड यांच्या चमूने २००७ मध्ये काढलं. गोरिलाची ऊ आपल्या पूर्वजाकडे आली कशी, याचे चावट तर्क सोडून देऊ. गोरिलाच्या जुन्या बिछान्यात झोपलं तरी पुरतं. कपड्यांतली ऊ डोक्यातल्या उवेपासून वेगळी झाली ती सुमारे एक लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी, हे २०११ मधलं अनुमान. शिवणीत अंडी घालणारी ऊ कपड्यांशिवाय होणार नाही. हे आकडे अंदाजाचेच, पण ते एकत्र ठेवले तर माणूस निदान दहा लाख वर्षं उघड्या अंगाने, कपड्यांवाचून वावरला असं दिसतं.

कारणाबद्दल वाद अजून मिटलेला नाही. डार्विनला उष्णतेचं कारण पटत नव्हतं. उष्ण प्रदेशातली माकडं केसाळच असतात, याकडे त्याने बोट दाखवलं आणि १८७१ च्या पुस्तकात जोडीदाराच्या आवडीनिवडीवर भर दिला. निसर्गअभ्यासक थॉमस बेल्टने तीन वर्षांनी गोचिड-पिसवांचं कारण पुढे केलं. १९६० मध्ये जीवशास्त्रज्ञ अॅलिस्टर हार्डी म्हणाले, माणूस मध्यंतरी पाण्यात राहत होता. ही कल्पना लोकांना फार आवडली, पण तिला पुरावा मिळाला नाही. समुद्री पाणमांजर जवळपास आयुष्यभर पाण्यात असतं आणि त्याची फर जगात सर्वांत दाट समजली जाते. आज पारडं घामाकडे झुकलेलं आहे. माकड सावलीत बसतं, आपला पूर्वज दोन पायांवर उभा राहून उघड्या माळावर दुपारी हिंडू लागला, हा फरक डार्विनच्या आक्षेपाला बऱ्यापैकी उत्तर देतो. सोलापूरच्या मे महिन्यात, चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात काम केलेल्या कोणालाही ते पटेल.

मग डोक्यावरचे का राहिले? उभ्या माणसाच्या टाळूवर ऊन सरळ पडतं. २०२३ मध्ये टीना लसिसी आणि नीना जाब्लॉन्स्की यांच्या चमूने तापवलेल्या पुतळ्याला माणसाच्या केसांचे टोप घालून कृत्रिम उन्हात बसवलं. कुठल्याही केसांनी डोक्याला पोचणारी उष्णता कमी झाली, पण घट्ट कुरळ्या केसांनी सर्वांत जास्त. घामाची गरजही त्यांनीच सर्वांत कमी केली. आमच्याकडे सरळ केसांवर ते काम फेटा करतो, हवा धरून ठेवणाऱ्या पदरांनी. भुवया कपाळावरचा घाम डोळ्यांच्या कडेला वळवतात. पापण्यांचे केस बावीस सस्तन प्राण्यांत मोजले तेव्हा त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भरली. तेवढ्या लांबीला डोळ्यावरून जाणारा वारा आणि धूळ कमीत कमी होते. काखेतले आणि जांघेतले केस वयात आल्यावरच उगवतात. तिथल्या खास ग्रंथींचा वास धरून ठेवणं आणि घर्षण कमी करणं ही कामं त्यांच्या नावावर मांडली जातात, पण तिथे पुरावा तोकडा आहे.

आणि उरलेली ती न दिसणारी लव? तिच्या प्रत्येक मुळाभोवती मज्जातंतूंचं वेटोळं असतं. डास टेकला की कातडीआधी तिला कळतं. शेफील्ड विद्यापीठात २०११ साली हे चक्क ढेकणांवर तपासलं गेलं. स्वयंसेवकांचा एक हात भादरला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्हींवर उपाशी ढेकूण सोडले. केसांच्या हातावर ढेकणाला चावायला जागा शोधताना जास्त वेळ लागला आणि माणसाला त्याची चाहूलही आधी लागली. अंगावर काटा येतो तोही निव्वळ जुन्या सवयीचा अवशेष नसावा. केस उभा करणारा चिमुकला स्नायू मज्जातंतूला केसाच्या मूळपेशींपाशी धरून ठेवतो, आणि थंडी टिकली की तोच मज्जातंतू त्या पेशींना नवा केस उगवायला लावतो, असं २०२० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं.

दिवसाची उष्णता अशी सुटली, रात्रीचं काय? फर घालवलेल्या प्राण्याला ती उसनी आणावी लागली. आधी कातडी, मग लोकर. यात माणसाने मेंढीची कुळकथाही बदलून टाकली. रानमेंढीच्या अंगावर वरून राठ केस आणि आत थोडी लोकर असते, ती दर उन्हाळ्यात आपोआप गळते. हजारो वर्षं निवड करकरून माणसाने अशी मेंढी घडवली जिची लोकर वाढतच राहते. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या माणदेशी पट्ट्यात धनगरांनी राखलेली दख्खनी मेंढी ही त्याच वंशातली: लोकर राठ, काळी-करडी. वर्षातून दोनदा ती कातरायची, बायकांनी सूत काढायचं, सणगरांनी चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणायची. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीलाही जावळच म्हणतात आणि त्या जावळाच्या घोंगडीचा भाव चढा असे. थंडीत पांघरूण, पावसात खोळ, रानात अंथरूण.

आता चादर, रग, स्वेटर स्वस्त झाले आणि मेंढी मटणासाठी राखली जाते. जत भागातल्या माडग्याळ जातीला मागणी आहे ती तिच्या अंगापिंडामुळे, लोकर तिच्या अंगावर नावालाच. दख्खनी मेंढीची राठ लोकर विकत घ्यायला फारसं कोणी येत नाही. पण ती आपोआप गळत नाही. म्हणून गिऱ्हाईक असो नसो, मेंढपाळाला मजुरी मोजून मेंढरं कातरून घ्यावीच लागतात.